लोक बघताहेत!

सिनेमाला जाणारी माणसे सिनेमा पाहायलाच जातात, असा एक समज आहे. आमच्या घरापुरता तरी तो खोटा होता. मी जात असे तो हिच्या आग्रहाखातर. आणि ही जात असे ती पोटभर हसायला आणि तितकेच पोटभर रडायला.

आम्ही नाशिककर. दादासाहेब फाळके १८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मले आणि १९४४ साली नाशकात वारले. त्यामुळे सिनेमा हा आपल्या घरचाच, असे इथे प्रत्येकाला वाटते. आमच्या घराजवळ एक लहानसे थिएटर होते. पंखे पडद्यावरच्या खलनायकापेक्षा मोठ्याने गुरगुरत, आणि खुर्च्यांतले ढेकूण तिकीट न काढता सगळे खेळ पाहत.

तिथे ही हसू लागली की पुढच्या तीन रांगा मागे वळून पाहत. मी तिचा हात दाबून म्हणे, “अगं, हळू! लोक बघताहेत.”

“अंधारात कोण बघतंय?” हे तिचे ठरलेले उत्तर.

२०१० साली परेश मोकाशींचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ आम्ही तिथेच पाहिला. फाळक्यांनी १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ कसा तयार केला, त्याची ती हसतखेळत सांगितलेली हकिकत. तारामतीच्या कामाला बाई मिळेना, म्हणून अण्णा साळुंके या पुरुषाला लुगडे नेसवले, तेव्हा ही अशी हसली की मी खुर्चीत खाली सरकलो.

घरी येताना मात्र ती गप्प होती. वाटेत एकदम म्हणाली, “त्या सरस्वतीबाईंनी फिल्म धुतली, तिला भोकं पाडली, वर सगळ्या मंडळींना रांधून वाढलं. आणि पांडवलेण्याच्या पायथ्याशी स्मारक कुणाचं? दादासाहेबांचं!”

“सिनेमा संपला,” मी म्हणालो, “आता घरी चल.”

आज ते थिएटर बंद आहे, आणि हीही नाही. ती गेल्यावर एकदा मुलाने तोच चित्रपट घरी टीव्हीवर लावला. दिवे चालू, स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या. ती कुठे कुठे हसली होती, ते प्रसंग मला पाठ होते. तारामती लुगड्यात आली. मी वाट पाहिली. खोलीत कुणीच हसले नाही. तीस वर्षे ज्या हसण्याला मी ‘हळू’ म्हणत आलो, त्याच्यावाचून तो चित्रपट मला अर्धाच वाटला.

२०२३ च्या दिवाळीत सूनबाईंनी मला ओढूनच मल्टिप्लेक्समध्ये नेले. सुजय डहाके यांचा नवा ‘श्यामची आई’ लागला होता, तोही कृष्णधवल. आचार्य अत्र्यांचा १९५३ चा, राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळवणारा ‘श्यामची आई’ मी शाळकरी वयात पाहिला होता. तेव्हा ‘मुलगे रडत नाहीत’ म्हणून ओठ आवळून बसलो होतो. या वेळी खुर्ची मऊ होती, पंख्यांची गुरगुर नव्हती. पण अंधार मात्र तोच होता.

श्यामची आई अंथरुणाला खिळली, आणि माझ्या तोंडून चांगला मोठा हुंदका बाहेर पडला. पुढच्या रांगेतली दोन डोकी वळली. शेजारी बसलेल्या नातीने माझा हात दाबला.

“आजोबा, हळू! लोक बघताहेत.”

मी डोळे पुसले नाहीत. म्हणालो, “अंधारात कोण बघतंय?”