थंडीची बेगमी

हिवाळा जवळ आला म्हणजे थंड देशांतील गृहस्थ तळघरात उतरून भट्टी, नळ आणि धुराडी तपासून घेतात. आमच्या नगर जिल्ह्यात मात्र घर तापविण्याचा शिरस्ता नाही. पांढऱ्या मातीच्या जाड भिंतींनी आणि वरच्या माळवदाने दिवसभर ऊन साठवावे, रात्री ते सावकाश आत सोडावे, आणि त्यातूनही जी थंडी अंगाला झोंबेल तिचा बंदोबस्त चिंचोक्याची खळ दिलेल्या घोंगडीने करावा, अशी येथील जुनी वहिवाट. तापवावयाचे ते फक्त पाणी. आणि ते काम ज्या वस्तूने पिढ्यानुपिढ्या बजाविले ती वस्तू, म्हणजे तांब्याचा बंब, घडविणे आणि दुरुस्त करणे हा आमचा वंशपरंपरागत धंदा असल्यामुळे, घट उठून दसऱ्याचे सोने लुटून झाले की माझ्या दुकानापुढे बंबांची जी रांग लागते ती वसुबारसेपर्यंत हलत नाही. नरकचतुर्दशीच्या पहाटे घरातल्या सगळ्यांचे अभ्यंगस्नान उरकावयाचे असते, ही मुदत कोणालाही वाढवून मिळत नाही.

सीनेच्या काठचे हे शहर, जे आता सरकारी दप्तरात अहिल्यानगर म्हणून नोंदले गेले आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर, पर्जन्यछायेतील कोरड्या पठारावर वसलेले आहे. हवेत ओल नाही आणि आकाशात ढग नाही, अशा रात्री जमीन आपली सारी उष्णता निर्वेधपणे आकाशास देऊन टाकते, आणि डिसेंबर-जानेवारीत पारा कित्येकदा दहा अंशांच्या खाली उतरतो. ऑगस्ट १९४२ मध्ये येथील किल्ल्यात स्थानबद्ध करून आणलेले मौलाना आझाद पहाटे तीन-चारच्या सुमारास उठून स्वहस्ते चहा करीत, आणि त्या चहाविषयी 'गुबार-ए-खातिर'मधील पत्रांत त्यांनी इतक्या आस्थेने लिहिले आहे, की सूर्योदयापूर्वी पाण्याखाली विस्तव असणे हे केवढे ऐश्वर्य आहे, ते या परस्थ विद्वानास आम्हां गावकऱ्यांपेक्षाही नेमके उमगले होते असे मला वाटत आले आहे.

जिल्ह्याच्या पश्चिम टोकास, अकोले तालुक्यात, कळसूबाई आणि रतनगड यांच्या पायथ्याशी राहणाऱ्या महादेव कोळ्यांच्या जुन्या कुडाच्या घरांत गोष्ट निराळी होती. कारवीच्या काटक्यांवर शेणमातीचा लेप दिलेल्या त्या भिंतींच्या आत एकच चूल माणसे, पाणी आणि घर या तिन्हींना ऊब देई, आणि तिचा धूर छपरातील गवतात मुरून किड्यांना दूर ठेवी. तेथे बंबाला वाव नव्हता. आमचे गिऱ्हाईक पूर्वेचे आणि दक्षिणेचे: पारनेर, नेवासे, शेवगाव, पाथर्डी, आणि शहरातील वाडे.

बंब घेऊन येणारा मनुष्य प्रथम गळकी तोटी दाखवितो, मग पडलेले पोचे दाखवितो, आणि दिवाळीपूर्वी तो आरशासारखा लखलखीत करून मिळेल ना, अशी पृच्छा करतो. मी मात्र त्याचे बोलणे चालू असतानाच बंब आडवा करून त्याचे बूड पाहतो. एकात एक बसविलेली दोन नळकांडी, बाहेरच्यात पाणी आणि आतल्यात विस्तव, तळाशी जाळी, जाळीखाली राख पडावयास मोकळी जागा आणि वर धुराड्याचे तोंड, एवढीच या यंत्राची रचना. काश्मिरातील नून चहाचा समोवार आणि रशियातील तूला शहराचे नामांकित समोवार याच तत्त्वावर चालतात. आतली हवा तापून वर चढते, तिची जागा घेण्यासाठी जाळीखालून ताजी हवा खेचली जाते, आणि ही ओढ जितकी निर्वेध तितका विस्तव प्रखर. म्हणून बंबाची हिवाळ्यापूर्वीची तयारी ही मुख्यतः वाऱ्याच्या आणि राखेच्या वाटेची तयारी आहे, असे माझे या धंद्यातील ठाम मत आहे. बंब पेटत नाही, धूर न्हाणीघरात कोंडतो, अशी तक्रार घेऊन आलेल्या गृहस्थाने तोवर लाकूड बदललेले असते, रॉकेल ओतून पाहिलेले असते, क्वचित वास्तुशास्त्र्याचाही सल्ला घेतलेला असतो. आणि दोष निघतो तो मागल्या फाल्गुनात जाळीखाली तशीच राहिलेल्या राखेत. ती पावसाळाभर हवेतील ओल शोषून दगडासारखी बसते, जाळीच्या लोखंडी सळ्या गंजवून टाकते, आणि वाऱ्याची वाट बंद करते.

धुराड्याच्या आतील काजळी दोन जातींची असते. कोरड्या इंधनाची काजळी भुरभुरीत. वेळूच्या काठीला काथ्याचा कुंचा बांधून वरून खाली दोन-चार वेळा फिरविला की ती सुटते. ओल्या लाकडाची मात्र डांबरासारखी चिकट आणि चकचकीत असते. तिला कुंचा दाद देत नाही, ती पत्र्याला ओरखडा न उठेल अशा बेताने खरवडूनच काढावी लागते. गिऱ्हाइकाच्या घरी इंधन कसे ठेवतात हे मला धुराड्यात बोट फिरविताच कळते, आणि मग मी त्यास त्याची बेगमी विचारतो. शेवगाव-पाथर्डीकडच्या पऱ्हाट्या आणि तुराट्या पेटवणीला उत्तम, परंतु त्यांचा जीव घटकाभराचा. ज्वारीची धसकटेही तशीच. मागाहून घालावयाची ती बाभूळ, जिचा निखारा टिकतो, किंवा उन्हाळ्यात थापलेल्या गोवऱ्या. गोवऱ्यांचा हुडवा पावसाळ्यात कितीही झाकला तरी ओल धरतोच. म्हणून परतीचा पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात जे कडक ऊन पडते, ज्याला सारे शिव्या देतात, त्या उन्हात तो एकदा मोडून पसरावा. कोरड्या लाकडाच्या एका किलोत सुमारे साडेतीन ते चार हजार किलोकॅलरी उष्णता असते, आणि वीस लिटर पाणी वीस अंशांवरून साठ अंशांवर नेण्यास आठशे पुरतात. म्हणजे हिशेबाप्रमाणे पाव किलोत स्नान व्हावे. प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी पट लाकूड जळते, आणि या जमाखर्चातील तूट धुराड्यावाटे व क्षारांवाटे जाते.

क्षारांचे प्रकरण विशेष नाजूक. आमच्याकडील अनेक विहिरींचे आणि कूपनलिकांचे पाणी जड. ते तापले की त्यात विरघळलेला चुना बाहेर पडून पत्र्याला चिकटतो, आणि जेथे उष्णता सर्वांत अधिक तेथे, म्हणजे नेमका विस्तवाच्या नळकांड्यावर, सर्वांत जाड बसतो. वरून हे काही दिसत नाही. मी लाकडी मोगरीने बंबावर हलकेच ठोका देतो: स्वच्छ तांबे खणखणते, क्षार धरलेले तांबे बद्द वाजते. तांब्याची उष्णता वाहून नेण्याची शक्ती गंजरोधक पोलादाच्या सुमारे पंचवीसपट आहे, हे ठाऊक असलेले गिऱ्हाईक आपल्या तांब्याच्या बंबाचा अभिमान मिरविते; परंतु आत बोटभर चुन्याचा थर बसला असेल तर बाहेरचा पत्रा तांब्याचा आहे की कशाचा, याला काही अर्थ उरत नाही, कारण तो थर तांब्याच्या मानाने शेकडो पटींनी मंद वाहक असतो. उपाय सौम्य हवा. कोमट पाण्यात लिंबाचे सत विरघळवून ते बंबात रात्रभर ठेवावे. नरसाळ्याच्या तोंडाशी कान नेला तर आत चुना फसफसत असल्याचा बारीक आवाज ऐकू येतो, आणि सकाळी तोटीतून गढूळ पांढरे पाणी व पापुद्रे बाहेर पडतात. जुन्या बंबाला हे दोन-तीनदा करावे लागते. फरशी धुण्याचे तेजाब ओतून हे काम तासात उरकणारे लोक आहेत. ते तेजाब क्षारांबरोबर जोडांनाही खाते, आणि त्यांचे बंब मजकडे पुढच्या वर्षी परत येतात.

जोडांवरील गळती हिरवट जंगालावरून ओळखावी. ती फार बारीक असेल तर बंब भरून रात्रभर कोरड्या राखेवर उभा ठेवतो. सकाळी राखेवर जेथे काळपट ठिपका दिसेल त्याच्या वरच्या अंगास छिद्र. गिऱ्हाइकांनी त्या जागी आधीच साबण, मेण, आणि हल्ली तर बाजारातील नाना प्रकारची लुकणे थापलेली असतात. ती काढून खालचे तांबे लालसर चकाकेपर्यंत घासण्यात जितका वेळ जातो त्याच्या निम्माही प्रत्यक्ष डाख देण्यास लागत नाही, कारण मळक्या तांब्यावर डाख धरतच नाही, पाऱ्यासारखा गोळा होऊन घरंगळतो. कथील आणि शिसे यांचा उत्तम डाख १८३ अंशांवर वितळतो. विस्तवाच्या नळकांड्यात निखारे त्याहून कितीतरी अधिक तापलेले असूनही जोड शाबूत राहतात, ते केवळ पलीकडे पाणी असते म्हणून. पाणी आमच्या या उंचीवर सुमारे ९८ अंशांना उकळते आणि जोडाला त्याच्या फार पुढे जाऊ देत नाही. रिकाम्या बंबात विस्तव घातला की काही मिनिटांत डाख ओघळतो. जुन्या कारागिरांनी हे ओळखून नरसाळ्याची नळी तळापर्यंत नेली आणि गरम पाण्याची वाट वरच्या अंगास ठेवली: गार पाणी ओतल्यावाचून गरम पाणी मिळतच नाही, आणि त्यामुळे नळकांडे कधी उघडे पडत नाही. घरातील बेफिकीर माणसावर हुकूम चालत नाही हे जाणूनच जणू ती रचना केलेली आहे. खाली तोटी असलेले नवे बंब वापरण्यास सोयीचे खरे, पण माझ्या दुकानात अधिक येतात ते तेच.

बुडाशी आलेले पोचे काढण्यापूर्वी तांबे लालभडक तापवून नरम करावे लागते. नवशिक्याला नवल वाटते ते याचे, की तापलेले तांबे पाण्यात बुडविले तरी ते नरमच राहते. पोलाद असे विझविले तर कडक होते. मग ठोक्यांनी ते पुन्हा कठीण होत जाते, आणि मठारकाम म्हणून जे लोक कौतुकाने पाहतात ते मुळात शोभेसाठी नव्हे, पत्र्याला बळ आणण्यासाठी असते. कल्हईचा आग्रह काही जण धरतात. आंबट पदार्थ शिजविण्याच्या भांड्यास ती अवश्य हवी, स्नानाच्या पाण्याला तिची गरज नाही.

एक ताकीद मात्र मी बंब परत देताना प्रत्येकास देतो. निखाऱ्यांचा बंब दारे-खिडक्या लावलेल्या न्हाणीघरात ठेवू नये. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही, रंग नाही, आणि गॅसवर चालणाऱ्या हल्लीच्या गीझरांनाही हाच नियम लागू आहे. जुन्या वाड्यांत बंब परसात किंवा उघड्या पडवीत असे, तो निव्वळ धुराच्या धाकाने नव्हे.

आता गच्च्यांवर सौर बंब आले आहेत, आणि ते आल्याचा मला खेद नाही. त्यांचीही थोडीफार देखभाल मी करतो. नगरचा अक्षांश सुमारे १९. डिसेंबरच्या उत्तरार्धात मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून साडेसत्तेचाळीस अंशांवरच असतो, म्हणून तबक दक्षिणेकडे तोंड करून अक्षांशापेक्षा दहा-पंधरा अंश अधिक कलते ठेवावे, आणि दिवाळीपूर्वी काचेवरची धूळ सकाळी, काच थंड असताना, धुवावी. क्षारांचा त्रास तेथेही सुटत नाही. बाकी त्यात हातोड्याला काम नाही.

चिंच-मिठाने उजळलेला बंब नेण्यास आलेले गिऱ्हाईक त्याच्या बाहेरील झळाळीचे पैसे हसतमुखाने मोजते आणि आतला चुना काढण्याच्या मजुरीवर घासाघीस करते, कारण ती त्यास दिसत नाही. म्हणून अलीकडे मी दोहोंचा मिळून एकच आकडा सांगतो, आणि फारच ओढून धरणाऱ्यास उजाळा वगळून निम्म्या पैशांत काम करून देण्याची तयारी दाखवितो. अद्याप ती कोणी पत्करलेली नाही.