पंचवटीत बटाटा नव्हता

नाशिकात राहणाऱ्या माणसाला रामाची सवय होऊन जाते. पाहुण्याला पत्ता सांगताना आम्ही रामकुंडावरून वळवतो, सीतागुंफेपाशी थांबवतो आणि काळारामाच्या मागच्या गल्लीत आणून सोडतो. रामायणातून वाट काढीत रोज दूध आणि भाजी आणणारे आम्ही लोक! पण वनवासाच्या दिवसांत हा राम इथे राहत असताना जेवत काय होता, हा प्रश्न काही मला वयाच्या पंचेचाळिशीपर्यंत पडला नव्हता. तो पडायला रक्ताची तपासणी व्हावी लागली.

गेल्या वर्षी दिवाळीचा फराळ संपता संपता डॉक्टरांनी माझा कागद हातात धरला आणि म्हणाले, “साखर सीमेवर आहे.” सीमा म्हटली की मराठी माणसापुढे प्रश्न उभा राहतोच. मी हसण्यावारी नेणार होतो, पण डॉक्टर हसले नाहीत. “वडिलांना होती ना?” त्यांनी विचारले. होती. सतरा वर्षे होती. शेवटच्या दोन वर्षांत त्यांना वर्तमानपत्रातला मथळासुद्धा दिसत नसे. कॉलेजातून आलो की मी त्यांना अग्रलेख वाचून दाखवीत असे, आणि ते मधेच “शुद्धलेखन चुकले असेल बघ इथे” म्हणून थांबवीत. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिले: रोज चालणे, भात निम्मा, बटाटा बंद.

चालणे जमले. भातही मनाचा हिय्या करून निम्मा केला. बटाट्यापाशी मात्र घोडे अडले. आमच्या घरात अवचित पाहुणे आले तर बटाटा, मुलांच्या डब्यात बटाटा, बाजारात जायला वेळ झाला नाही म्हणून बटाटा आणि आईची एकादशी आली की साबुदाण्याच्या खिचडीत पुन्हा बटाटाच. “अहो, बटाटा नाही तर करू काय?” असे आमच्या सौभाग्यवतींनी विचारले, तेव्हा मी अगदी पंतोजीच्या थाटात म्हणालो, “कंदमुळे. राम खात होता ती.” “मग आणा,” असे म्हणून तिने पिशवी माझ्या हातात दिली.

म्हणून एका सकाळी रविवार कारंज्यावरून होळकर पूल ओलांडून मी पंचवटीत उतरलो. गोदावरीला पाणी बेताचेच होते. रामकुंडावर नेहमीची गर्दी होती: अस्थी घेऊन आलेली मंडळी, मुंडण केलेली मुले, फोटो काढणारे प्रवासी. तिथेच एका पाटीवर मला हवा तो माल मांडलेला दिसला. ढोलकीएवढा तपकिरी ओंडका, आतून पांढराशुभ्र आणि वर पाटी, ‘रामकंद’. विक्रेता धारदार सुरीने त्याचे कागदासारखे पातळ काप काढीत होता. “साहेब, वनवासात प्रभू हेच खात होते. पोटाला थंड!” मी एक काप तोंडात टाकला. पाणचट, किंचित गोड, खोबऱ्याच्या चुलत्यासारखी चव. “हा येतो कुठून?” म्हटले. “जंगलातून.” “कोणत्या?” यावर त्याने पुढच्या गिऱ्हाइकाकडे तोंड फिरवले.

दुसऱ्या दिवशी वनस्पतिशास्त्राच्या सहकाऱ्यांना मोठ्या हौसेने ही हकिकत सांगितली, तर ते खो खो हसले. म्हणाले, “अहो, तो कंदच नव्हे! शास्त्रज्ञांनी त्याच्या पेशींतली आनुवंशिक द्रव्ये तपासून पाहिली आहेत. जुळली ती घायपाताच्या कुळाशी.” घायपात म्हणजे शेताच्या बांधावर असते ती काटेरी, दोरखंडाच्या वाखाची वनस्पती. तिच्या बुंध्याचा तो गाभा. आणि घायपाताचे माहेर मेक्सिको! म्हणजे प्रभू रामचंद्रांना हा रामकंद खायचा असता तर आधी महासागर ओलांडावा लागला असता. त्यांनी मला आणखी एक धक्का दिला. बटाटा हेही मूळ नव्हे म्हणे, ते जमिनीखालचे खोड. नवलकोल तर जमिनीवरचेच खोड. मुळा, गाजर, सलगम, बीट, रताळे ही खरी मुळे. मराठीचा मास्तर असल्यामुळे मला इतकेच समजले की आपण ज्याला सरसकट कंदमूळ म्हणतो, त्या शब्दात पुष्कळ निरनिराळी कुळे गुण्यागोविंदाने नांदत आहेत.

मग मीही माझ्या विषयाची शस्त्रे बाहेर काढली. ‘बटाटा’ हा शब्द पोर्तुगिजांकडून आपल्याकडे आला आणि त्यांनी तो उचलला कॅरिबियन बेटांवरच्या लोकांच्या बोलीतून. तिथे त्याचा अर्थ होता रताळे! आणि आपले ‘रताळे’ निघाले संस्कृतातल्या ‘रक्तालु’पासून, जे नाव मुळात एका तांबूस कंदाचे, कोनफळाच्या जातीतल्या. अमेरिकेतून रताळे आले आणि त्याने आपल्या कोनफळाच्या भाऊबंदाचे नाव बळकावले, बटाटा आला आणि त्याने रताळ्याचे. मालमत्तेच्या दाव्यांत असले घोटाळे मी ऐकले होते, शब्दांत पहिल्यांदाच पाहिले. आणि हिशेब करू लागलो तेव्हा लक्षात आले की आपल्या उपासाच्या ताटातले बटाटे, रताळी, शेंगदाणे, हिरव्या मिरच्या आणि साबुदाणा ज्यापासून निघतो तो कंद, सारे अमेरिकेतले. रामाच्या पंचवटीत यांतले काही असणे शक्यच नव्हते. असेल ते सुरण, अळकुड्या, कोनफळ आणि रानातले चारदोन कडूगोड कंद.

ते शोधायला बुधवारच्या बाजारात गेलो. गोदेच्या काठी भरणारा हा आठवडे बाजार ज्यांनी पाहिला नाही त्यांनी नाशिक अर्धेच पाहिले. भाजीच्या ढिगांत, मसाल्याच्या पोत्यांत आणि लोखंडी पाट्या-विळ्यांच्या खणखणाटात एका कडेला पेठेकडून आलेली एक म्हातारी बसली होती. पुढ्यात अंगाला माती चिकटलेले सुरण, केसाळ अळकुड्या आणि आतून जांभळे निघणारे कोनफळ. तिला रानातल्या कंदांविषयी विचारले, तशी ती म्हणाली, “कडूकांदाचं म्हणतोस व्हय भाऊ? तो असा नाय खायाचा. चिरायचा, उकडायचा, मंग रातभर व्हात्या पाण्यात ठेवायचा टोपल्यात. तवा त्याचा कडूपणा जातो.”

“चवीला कसा असतो, आजी?” मी वही काढली.

तिने माझ्या वहीकडे पाहिले. “चवीला कोण खातंय? आखाडात घरातली नागली सरली का मंग खायाचा. पोरं रडायची.”

मी वही मिटली. मला वजन उतरवायला जे हवे होते, ते तिच्या घरी अन्न सरल्यावर रानातून खणून आणीत. घासाघीस न करता दोन किलो सुरण आणि किलोभर अळकुड्या घेतल्या. एरवी मी घासाघीस केली नाही असे क्वचितच घडते.

घरी आल्यावर प्रयोग सुरू झाले. सुरण चिरणे हे काम नवशिक्याचे नव्हे. त्यात चुन्याच्या क्षाराच्या सुईसारख्या बारीक कण्या असतात, त्या त्वचेत आणि घशात टोचतात म्हणून खाज सुटते. हाताला तेल लावून सोलायचा, आणि चिंचेच्या कोळात किंवा आमसुलाच्या पाण्यात उकडायचा. पहिल्या दिवशी मी हे तेल विसरलो. दुपारचे दोन तास मी फळ्यावर कमी आणि मनगटावर जास्त लिहिले. पण त्या रात्री चिंच-गुळाचा, वर ओले खोबरे पेरलेला सुरणाचा रस्सा झाला, तो मुलांनीही मागून घेतला. सलगम उकडून त्याचे वडे करण्याचा प्रयत्न साफ फसला. सलगमात पाणी फार, सारण कढईत विरघळून गेले. नवलकोल हरभऱ्याच्या डाळीबरोबर बटाट्याच्या जागी चपखल बसला. मुळ्याचा चटका, भिजवलेली डाळ वाटून आणि दही घालून केलेला, हा तर आईच्या हातचाच. तो खाताना बटाट्याची आठवण मुळीच होत नाही. वासाची तक्रार मात्र शेजारपाजारपर्यंत जाते.

याच सुमारास एका मित्राकडून राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या पुस्तकातले कोष्टक मिळाले. ही संस्था पूर्वी कुन्नूरला होती, १९५८ साली हैदराबादला गेली. शंभर ग्रॅम कच्च्या बटाट्यात सुमारे ९७ उष्मांक. अळकुडीतही ९७! सुरणात ७९. मी इतके दिवस मिरवीत होतो तो फरक एवढासाच. रताळ्यात तर १२०, म्हणजे बटाट्याला सोडून रताळ्याकडे जाणारा माणूस आगीतून फुफाट्यात जातो. रताळ्याचे इतर गुण असतील, पण उष्मांक कमी नाहीत. खरी हलकी मंडळी दुसरीच: गाजर ४८, बीट ४३, सलगम २९, नवलकोल २१ आणि पांढरा मुळा १७. आणि सुरणाचे काप रवा लावून तळले, तर एका ग्रॅम तेलाला नऊ उष्मांक या हिशेबाने वाचलेले सारे तेलात गेले. तळणे सोडले नाही तर भाजी बदलून उपयोग नाही, हे मी पत्नीला सांगितले. तिने ते मला पहिल्याच दिवशी सांगितले होते म्हणे.

त्या कोष्टकात आणखी एक आकडा होता. साबुदाणा, ३५१. तो कोरड्या साबुदाण्याचा, भिजल्यावर वजन वाढते हे खरे, पण त्यावर तूप, दाण्याचे कूट आणि बटाटा येतो हेही खरे. तो आकडा पाहिला आणि मला बाबांचे ताट दिसले. साखर निघाल्यावर आईने त्यांना दोन्ही एकादश्या आणि संकष्टी धरायला लावली होती. पोटाला विश्रांती म्हणून. आणि ती विश्रांती वाटीवाटीने, वर लिंबू पिळून, ताटात पडत होती. बाबा मिटक्या मारीत म्हणत, “तुझ्या आईच्या उपासाने मी बरा होणार!” तो कागद मी पुस्तकांच्या ढिगाखाली सरकवला. आईला तो दाखवायचे काही कारण नव्हते.

कार्तिकी एकादशी आली. सकाळी स्वयंपाकघरात गेलो तर आई विळी घेऊन बसलेली, हाताला कोपरापर्यंत तेल. पुढे सुरण. परातीत साबुदाणा दिसला नाही.

“खिचडी नाही?” मी विचारले.

“तुझ्या टेबलावर झाडायला गेले होते काल,” ती म्हणाली. आई जुनी सातवी पास आहे, आकडे तिला समजतात. तिने फोड उभी धरून बारकाईने साल काढली. “मी त्यांना इतकी वर्षं खाऊ घातलं रे ते.”

मी म्हणालो, “आई, नुसत्या साबुदाण्याने कुणाला साखर होत नाही. त्यांच्या वडिलांनाही होती.” हे खोटे नव्हते, पुरे खरेही नव्हते, आणि ते आम्हा दोघांनाही ठाऊक होते. ती काही बोलली नाही. आमसुलाचे पाणी चुलीवर उकळत होते. त्यात तिने फोडी सोडल्या आणि झाकण ठेवले.

दुपारी तिने सर्वांत आधी माझे पान वाढले. शेंदेलोण, जिरे, मिरची आणि थोडे खोबरे घातलेली सुरणाची कोरडी भाजी, बाजूला ताक.

“हे किती म्हणालास?” तिने विचारले.

“एकोणऐंशी.”

“मग घे अजून थोडं,” असे म्हणून तिने आणखी एक डाव वाढला.