इंजिन जरा हळू करा

मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या मुलांना अमेरिकेला जायचं होतं. माझ्या दिरांचा मुलगा ॲरिझोनात नोकरीला आहे. त्याने लेक हवासू सिटी नावाच्या गावातून बोटींचे व्हिडिओ पाठवले आणि अँटॉप हिलच्या आमच्या दोन खोल्यांत आठवडाभर दुसरा विषय निघाला नाही. गाव मजेशीर आहे खरं. कोलोरॅडो नदीवर १९३८ मध्ये पार्कर धरण झालं आणि वाळवंटात तलाव साठला. पुढे बोटींची इंजिनं बनवणाऱ्या रॉबर्ट मॅक्युलॉक या कारखानदाराने १९६३ मध्ये त्याच्या काठी शहर वसवलं आणि लोकांनी यावं म्हणून लंडनचा जुना पूलच विकत घेतला! त्याचे दगड जहाजाने आणले, कोरड्या जमिनीवर पूल उभारला आणि मग त्याच्याखाली कालवा खोदला.

"अम्मी, आधी पूल आणि नंतर पाणी?" धाकटा हसून लोळला.

शिक्षिकेच्या पगारात ॲरिझोना बसत नाही. मी म्हटलं, तलावाकाठचं गाव आपल्याकडेही आहे, तापोळ्याला जाऊ.

हे समोरच्या खोलीतल्या आबांच्या कानावर गेलं. आबा माथाडी कामगार. आधी मशीद बंदरच्या दाणाबाजारात आणि बाजार वाशीला हलल्यावर तिथे त्यांनी जन्मभर गोणी वाहिल्या. दाराशी येऊन म्हणाले, "बाई, बोट कांदाटीच्या तोंडाशी गेली की नावाड्याला म्हणावं, इंजिन जरा हळू कर. खाली आमचं गाव हाय."

ईदचा शीरखुर्मा त्यांच्याकडे जातो, दिवाळीचा फराळ आमच्याकडे येतो, असं पंधरा वर्षं चाललंय. आबा सातारकडचे, एवढंच मला माहीत होतं. पाणी चढू लागलं तेव्हा ते बारा-तेरा वर्षांचे होते. वडिलांनी दाराची चौकट उपटून डोक्यावर घेतली होती, हे त्यांनी त्या दिवशी सांगितलं. मीही कधी विचारलं नव्हतं.

महाबळेश्वरपर्यंत एस.टी., तिथून जीप. घाटातली वळणं पंचवीसेक किलोमीटर आणि थोरलीच्या उलट्या, त्याविषयी न लिहिलेलंच बरं. शेवटच्या वळणावर मात्र सगळे गप्प झाले. डोंगरांच्या बोटांबोटांतून पाणी शिरलेलं. कोयना धरण तिथून कितीतरी दूर, खाली दक्षिणेला. त्याच्या मागे सुमारे पन्नास किलोमीटर लांब पसरलेला हा शिवसागर. तापोळ्याला 'मिनी काश्मीर' म्हणतात. काश्मीर मी पाहिलेलं नाही, पण आपल्या गावाला दुसऱ्याचं नाव कशाला, असं मला नेहमी वाटतं.

मे असल्याने पाणी बरंच उतरलं होतं. बोटीपर्यंत लाल मातीच्या उतारावरून घसरत जावं लागलं. नावाडी तरुण होता. आबांचा निरोप दिला तर त्याने इंजिन हळू केलं नाही, बंदच केलं. "माझ्या आजोळचं शेतबी इथंच," म्हणाला. बोट तशीच तरंगत राहिली. मोबाइल हातात घेऊन बसलेली माझी मुलं कडेवरून वाकून खाली बघत होती. हिरवट पाण्याखेरीज काही दिसत नव्हतं.

"अमेरिकेतल्या तलावाखाली पण गाव आहे?" धाकट्याने विचारलं. मला उत्तर येत नव्हतं. रात्री शोधलं. पार्कर धरणाच्या पाण्याने चेमेहुएवी या तिथल्या मूळ रहिवासी जमातीची नदीकाठची जमीन बुडवली. तो तलाव लॉस एंजेलिसला पाणी पुरवतो.

काठावर येऊन तलावाच्याच पाण्याने वुजू केला. किब्ला विचारायची गरज पडली नाही. सह्याद्रीची धार सरळ पश्चिमेला उभी. जोहर झाल्यावर त्याच धारेकडे बघत बसले. तिच्या पलीकडे कोकण, माझं माहेर चिपळूण. कोयनेचं पाणी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून पलीकडे उतरतं, पोफळीला वीज तयार करतं आणि वाशिष्ठीला मिळतं. इतर नद्या उन्हाळ्यात आटतात तेव्हाही वाशिष्ठी वाहते ती याच पाण्यावर. लहानपणी आम्ही बहिणी तिच्यात पाय सोडून बसायचो. 'महाराष्ट्राची भाग्यरेषा' म्हणून कोयनेवर मी शाळेत दोन्ही भाषांत निबंध लिहून घेतलेत. वीज, शेती, कारखाने असे मुद्दे फळ्यावर मांडून. उठलेल्या गावांचा मुद्दा त्यात नसायचा. त्यातले कित्येक लोक सोलापूर, सांगली, रायगड, ठाण्याकडे पांगले, कित्येक मुंबईत ओझी उचलायला आले. जमिनीसाठी त्यांच्या मुलानातवंडांचे मोर्चे पुढेही निघत राहिले.

घरी परतलो तेव्हा आबा जिन्यातच बसले होते. मी महाबळेश्वरच्या मधाची बाटली पुढे केली, ती त्यांनी बाजूला ठेवली. "पाणी किती होतं?"

"बरंच उतरलंय, आबा."

धाकट्याने बोट थांबवली होती तिथला फोटो दाखवला. आबांनी मोबाइल डोळ्यांजवळ धरला, लांब धरला, आडवा केला. मग पडद्याच्या डाव्या कडेच्या बाहेर, जिन्याच्या भिंतीवर बोट टेकवलं.

"घर हितं," ते म्हणाले. "फोटोत आलं न्हाई."