दम ऐकू येतो ते मैदान

सदतीस वर्षे बँकेत नोकरी केल्यामुळे प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवण्याची सवय मला जडली आहे. निवृत्त होऊन काही वर्षे झाली, तरी ती सुटलेली नाही. माझ्या टेबलावर एक लांबट वही असते. तिच्यात जमाखर्च नाही, मैदाने आहेत. दिनांक, गाव, तालुका, दोन्ही संघ, निकाल आणि शेवटच्या रकान्यात 'काय ऐकले' अशी तिची मांडणी आहे. खेळाच्या वहीत 'काय पाहिले' असा रकाना असायला हवा, असे वाचकांना वाटेल. तो का नाही, हे सांगण्यासाठीच हा लेख लिहीत आहे.

माझ्या थोरल्या बंधूंना आम्ही घरात अण्णा म्हणतो. ते माझ्याहून आठ वर्षांनी मोठे. तरुणपणी ते हुतूतू उत्तम खेळत. कबड्डी हा शब्द तेव्हा शाळेच्या पुस्तकात होता. सेलूच्या आमच्या गल्लीत मात्र हुतूतूच म्हणत. काचबिंदूने गेल्या काही वर्षांत अण्णांची दृष्टी हळूहळू गेली. आता त्यांना उजेड आणि अंधार एवढाच फरक कळतो. दूरचित्रवाणीवर प्रो कबड्डीचा सामना लावून देण्याचा प्रयोग मी करून पाहिला. 2014 साली सुरू झालेल्या त्या स्पर्धेने खेळाडूंना पैसा आणि प्रतिष्ठा दिली, हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. परंतु अण्णा दहा मिनिटांत उठले. म्हणाले, "यात बोलणाऱ्यांचं बोलणं ऐकू येतं, गाणं ऐकू येतं. कबड्डी काही ऐकू येत नाही."

त्यांच्या या वाक्याचा अर्थ मला उमगला तो परदेशात. माझा मुलगा इंग्लंडमध्ये शेफील्ड येथे नोकरीस आहे. 2019 च्या सप्टेंबरमध्ये आम्ही उभयता त्याच्याकडे गेलो असता एका शनिवारी त्याने मला सँडीगेट नावाच्या मैदानावर नेले. जगातील सर्वांत जुने फुटबॉल मैदान म्हणून गिनीज बुकात त्याची नोंद आहे. 26 डिसेंबर 1860 रोजी हॅलम आणि शेफील्ड या दोन क्लबांचा सामना तेथे झाला होता. हॅलमचा संघ आजही त्याच मैदानावर खेळतो. इंग्लंडमध्ये वरच्या चार व्यावसायिक श्रेणींखालच्या संघांना 'नॉन-लीग' म्हणतात. हॅलम हा त्यांपैकीच एक.

एवढा मान असलेले मैदान भव्य असेल, अशी माझी कल्पना होती. प्रत्यक्षात ते चक्क उतरते आहे. एका बाजूने चेंडू सोडला तर दुसऱ्या बाजूस आपोआप घरंगळत जाईल, असा उतार. प्रेक्षक थोडे, बहुतेक एकमेकांना ओळखणारे. खाद्यपदार्थांच्या खिडकीत माझ्या उपयोगाचे काही नव्हते. काळा चहा घेऊन मी कठड्याशी उभा राहिलो. अशा लहान मैदानांना भेटी देत आणि त्यांची यादी करत फिरणारी मंडळी तिकडे पुष्कळ आहेत, असे मुलाने सांगितले. त्या दिवशी माझ्या लक्षात राहिले ते मात्र वेगळेच. खेळाडू एकमेकांना काय सांगत आहेत, ते शब्दन् शब्द ऐकू येत होते. बुटाचा चेंडूवरचा आघात ऐकू येत होता. धावून आलेल्या पोराचा श्वासही ऐकू येत होता. रात्री अण्णांना फोनवर हे सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मग आपल्याकडची मैदानं काय वाईट आहेत?"

करोनाची दोन वर्षे मध्ये गेली. 2022 च्या दिवाळीनंतर आम्ही दोघे बाहेर पडलो. परभणी जिल्ह्यात नऊ तालुके आहेत. प्रत्येक तालुक्यात किमान एक मातीवरचा सामना ऐकायचा, असे ठरले.

आपल्या भागाची माती काळी आणि भारी. पावसाळ्यात ती पायाला चिकटते, उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून मातीवरच्या कबड्डीचा हंगाम दिवाळी ते होळी. कापूस, सोयाबीन घरात आलेले असते, ज्वारी रानात उभी असते आणि गावोगावच्या जत्रा, उरूस, शिवजयंती यांच्या निमित्ताने सामने भरतात. मैदान तयार करताना तरुण मुले रांगेत बसून खडे वेचतात, पाणी मारून माती दाबतात, फक्कीने रेषा आखतात. पुरुषांसाठी 13 मीटर लांब व 10 मीटर रुंद, महिलांसाठी 12 बाय 8. भोवती दोरी, एका बाजूस पंचांचे टेबल, ध्वनिक्षेपकावर देणगीदारांची नावे. पाचशे एकपासून पाच हजार एकपर्यंतच्या या रकमा वहीत टिपण्याचा मोह मला अनेकदा झाला.

आता ऐकण्याविषयी. कबड्डीइतका कानाने कळणारा दुसरा खेळ नसावा. चढाई करणाऱ्याने 'कबड्डी, कबड्डी' हा उच्चार स्पष्ट आणि अखंड केला पाहिजे, हा तिचा मूळ नियम. आज चढाईला 30 सेकंदांची मर्यादा आहे. पूर्वीच्या हुतूतूत माणसाचा दम हेच घड्याळ होते. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने या खेळाचे प्रात्यक्षिक दाखवले, तेव्हाही जगाला नवल वाटले असेल ते या दमाचेच. अण्णा मध्यरेषेच्या सरळ रेषेत खुर्ची मागून घेतात आणि मान किंचित खाली घालून बसतात. उच्चार डावीकडे सरकला की म्हणतात, "कोपऱ्यावर गेला." तो बारीक होऊ लागला की म्हणतात, "निदान रेषा ओलांडली, आता घाई करणार." बचाव करणारे सातही जण एकदम गप्प झाले, तर पकड होणार हे त्यांना पकडीच्या आधी कळते. मग धप्प असा आवाज, धूळ आणि शिट्टी. मी फक्त गुणफलक वाचून दाखवतो.

सेलूपासून आरंभ केला, कारण ते आमचे गाव. जिंतूरला जाताना आधी नेमगिरीच्या डोंगरावर दर्शन घेतले. अण्णांना पायऱ्यांवर हात धरून नेले. सायंकाळी सामना. वहीत नोंद आहे : 'अनवाणी पायांखाली खडा सरकल्याचा आवाज.' गंगाखेडला, संत जनाबाईंच्या गावी, मुलींचे सामने होते. माझ्या मागे बसलेली एक आजी प्रत्येक पकडीला "सोडू नको गं!" असे ओरडत होती. ती कोणत्या संघाची, हे शेवटपर्यंत कळले नाही. पूर्णा हे रेल्वेचे जंक्शन. तेथे इंजिनाची शिट्टी आणि पंचांची शिट्टी एकाच वेळी झाली. चढाईवरचा मुलगा थांबला, सगळे हसले आणि पंचांनी चढाई पुन्हा घ्यायला लावली. पाथरी, सोनपेठ, पालम आणि परभणी शहरही झाले.

प्रवासात एक पथ्य असे. अण्णा सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाहीत आणि अंतिम सामने नेमके दिवे लागल्यावर असतात. म्हणून साडेपाचच्या सुमारास रानाच्या कडेला गाडी उभी करून दशम्या आणि लसूण नसलेली शेंगदाण्याची चटणी खायची, तांब्याभर पाणी प्यायचे आणि मग मैदान गाठायचे. संयोजक चहाचा आग्रह करत. कारण समजल्यावर मात्र त्यांनी आम्हाला नेहमी पुढची जागा दिली.

आठ तालुके झाले. राहिला मानवत. परभणीपासून फार दूर नसूनही त्याची पाळी मी सतत पुढे ढकलत होतो. एकदा पाहुणे, एकदा लग्नसराई, एकदा गाडीचे काम. खरे कारण दुसरेच होते.

1968 सालची गोष्ट. सेलूच्या मोंढ्यात आमच्या वडिलांची, नानांची आडत होती. अण्णा अठरा वर्षांचे. पाथरीकडच्या उधारीच्या वसुलीस जातो, असे सांगून ते मानवतला सामना खेळायला निघाले. मला बरोबर न्या, असा हट्ट मी धरला. त्यांनी नेले नाही. मी दहा वर्षांचा होतो. रागाच्या भरात मी नानांना सगळे सांगून टाकले. नाना मिळेल त्या गाडीने मानवतला गेले आणि चालू सामन्यातून त्यांनी अण्णांना हाताला धरून बाहेर काढले. त्यानंतर अण्णा कधीही खेळले नाहीत. ते दुकानाच्या गादीवर बसले. त्याच दुकानाच्या उत्पन्नावर मी औरंगाबादला जाऊन एम.कॉम. झालो, बँकेत लागलो. नानांना कोणी सांगितले, हे घरात कधी निघाले नाही. मीही काढले नाही.

2024 च्या फेब्रुवारीत अखेर मानवतला गेलो. मैदान त्या वेळचे नव्हते, ते आता कोठे होते हेही अण्णांना सांगता आले नाही. सामना चुरशीचा होता. मध्यंतराची पाच मिनिटे संपत आली असताना मी त्यांना म्हणालो, "अण्णा, त्या दिवशी नानांना मीच सांगितलं होतं."

त्यांनी हात वर करून मला थांबवले. "थांब. चढाई सुरू झाली."

उरलेला सर्व वेळ ते ऐकत राहिले. सामना दोन गुणांच्या फरकाने सुटला. गाडी हमरस्त्यास लागल्यावर ते बोलले. "तू लहान होतास. आणि दुकानात आज ना उद्या बसावंच लागणार होतं. नानांचा राग मी कधीच विसरलो. पण मी निघालो तेव्हा मैदानावर सहाच जण उरले. त्यांची माफी मागायची राहून गेली." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "आपण दोन गुणांनी मागे होतो. माझीच चढाई होती."

छप्पन्न वर्षे मी माझ्या खात्यावर जे नावे टाकत आलो होतो, ते त्यांच्या वहीत नव्हतेच. त्यांच्या वहीत ते सहा जण होते. त्या सहांपैकी आज किती हयात आहेत, हे आम्ही शोधतो आहोत. दोघांचा पत्ता लागला आहे.

वाचक बंधु-भगिनींनो, आपल्या घरातील एखाद्या ज्येष्ठाला पुढच्या हिवाळ्यात अशा एखाद्या लहान मैदानावर अवश्य न्या. तिकीट नसते. पाठीला आधार असलेली खुर्ची, अंगावर शाल आणि दिवस असताना उरकलेले जेवण, एवढी तयारी पुरते. दोरीपलीकडच्या खेळाडूचा दम ऐकू येईल इतक्या जवळ बसा. तरुण खेळाडूंनाही चार माणसे आपल्यासाठी आली, याचे फार अप्रूप असते.

मानवतहून परतल्यावर नऊ तालुके पूर्ण झाले म्हणून मी वहीत दुहेरी रेघ ओढली आणि तसे अण्णांना सांगितले. ते म्हणाले, "नऊ कसे? हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ राहिलेत की." हिंगोली जिल्हा 1 मे 1999 रोजी वेगळा झाला, याची मी त्यांना आठवण करून दिली. "आमच्या वेळी नव्हता," ते म्हणाले.

दुहेरी रेघेखाली मी पाच नवे रकाने आखून ठेवले आहेत.