खरखरीचे मूळ

कोकणात एकट्या राहणाऱ्या आजीची दृष्टी अधू झाली होती. म्हणून शहरातील नात रोज सायंकाळी लॅपटॉपवरून तिला पोथी वाचून दाखवी. एके दिवशी आजी कष्टी होऊन म्हणाली, “बाळ, शब्द कळत नाहीत गं, नुसती खरखर येते.” नातीने मायक्रोफोनचा आवाज वाढविला, तशी खरखरही वाढली!

मायक्रोफोन ध्वनीच्या कंपनांचे अतिशय क्षीण विद्युत्-लहरींत रूपांतर करतो. त्या लहरी मोठ्या करताना त्यांत शिरलेला गोंगाटही मोठा होतो. हे ध्यानी येताच तिने धीराने एकेक कारण पारखले. सैल पिन घट्ट बसविताच खरखर थांबली. मात्र मंद गुंजारव उरला. चार्जर काढताच तोही मावळला. घरातील वीज सेकंदाला ५० आवर्तने करते. चार्जरच्या वाटेने तिचाच सूर आत शिरला होता. मग तिने मायक्रोफोन मुखाजवळ घेतला आणि वाढविलेला आवाज पुन्हा उतरविला.

“आता कसं, जवळ बसून वाचतेस असं वाटतं!” आजी म्हणाली.

आवाज चढविल्याने दोष जात नाही. त्याचे मूळच शोधावे लागते.