चरातला पोम्पानो

फ्लोरिडाच्या अटलांटिक किनाऱ्यावर, कोको बीचपासून सेबॅस्टियन इन्लेटपर्यंत, वसंतात पोम्पानो गरवणाऱ्यांचे लांबलचक रॉड वाळूत उभे दिसतात. बहुतेकांची धडपड गरी लांब फेकण्याची. माझं मत ठाम आहे: या माशाला ताकदीपेक्षा नजर लागते. तो पुष्कळदा वाळूच्या दोन उंचवट्यांमधल्या चरात, किनाऱ्याच्या अगदी जवळ खात असतो आणि शिसं त्याच्या डोक्यावरून पलीकडे जाऊन पडतं.

म्हणून मी आधी ओहोटीला जातो, रिकाम्या हाताने. लाट जिथे पांढरी फुटते तिथे वाळू वर आलेली असते. जिथे न फुटता गडद हिरवी राहते तिथे चर. बाहेरचा उंचवटा जिथे तुटलाय, ती माशाची आत यायची वाट. ती जागा किनाऱ्यावरच्या एखाद्या घराच्या रेषेत धरून ठेवायची आणि भरती चढू लागली की तिथेच उभं राहायचं. पाण्याचा रंग बघायची सवय मला वेंगुर्ल्याच्या रापणकऱ्यांनी लावली. ती इथेही कामाला येते.

आमिष पायाखालीच मिळतं. सँड फ्ली म्हणतात तो वाळूतला करडा, अंडाकृती, नांग्या नसलेला छोटा खेकडा. लाट परतताना ओल्या वाळूवर व्ही आकाराच्या बारीक रेघा उमटतात. तिथे तो समुद्राकडे तोंड करून पुरलेला असतो, पिसासारख्या मिशा बाहेर काढून परतत्या पाण्यातलं अन्न गाळत. हात घालायला जरा उशीर झाला की मागच्या मागे खोल जातो. मादीच्या पोटाखाली नारिंगी अंड्यांचा घोस असतो. गरीजवळ नारिंगी मणी ओवतात तो त्यासाठीच.

दोन गऱ्या आणि खाली वाळूत रुतणारं, शंभरेक ग्रॅमचं टोकदार शिसं, एवढं पुरे. गरी गोल वळणाचीच घ्यावी. पोम्पानो खेकडा घशातल्या हाडांनी फोडतो. आमिष घेऊन तो वळला की अशी गरी आपसूक तोंडाच्या कोपऱ्यात बसते. हिसका दिलात तर सुटते. कधी रॉड वाकण्याऐवजी दोरा एकदम ढिला पडतो. तेव्हा मासा किनाऱ्याकडे धावत असतो आणि रीळ झपाझप गुंडाळावं लागतं.

हातात येतो तो चांदीच्या अंगाचा, गळ्याखाली हळदीसारखा पिवळा. पापलेटाचं कूळ वेगळं, पण रवा लावून तव्यावर टाकला तर पापलेट खाणाऱ्यालाही तो परका वाटणार नाही.

इकडे आलात तर जरूर गरवा. किनाऱ्यावरून गरवायलाही परवाना लागतो. रहिवाशांना तो फुकट मिळतो, पाहुण्यांना विकत घ्यावा लागतो. माणशी दिवसाला 6 मासे, आणि शेपटीच्या खाचेपर्यंत 11 इंचांहून लहान असेल तो परत सोडायचा. मोजपट्टी जवळ ठेवा, आणि जेमतेम मापात बसणाराही ओल्या हातांनी पाण्यात सोडून द्या.