पाणी वाटण्याआधी

खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीत, माउलीच्या देवळापाशी, मलप्रभेचा उगम मानतात. ती पूर्वेला धावते आणि कूडलसंगमाला कृष्णेत मिसळते. याच टापूतल्या देगावच्या रानात म्हादई उगम पावते. ती घाट उतरून मांडवी होते आणि पणजीजवळ अरबी समुद्राला मिळते. एकच डोंगरमाथा दोन्ही उतारांची तहान भागवतो. 2011 साली इथलं सुमारे 190 चौरस किलोमीटर जंगल भीमगड अभयारण्य म्हणून जाहीर झालं. आपण मात्र अजूनही ते वाघ-गव्यांचं रान म्हणूनच ओळखतो. ते आधी पाणलोट आहे, आणि पाणलोट म्हणूनच राखायला हवं.

त्यासाठी पावसाळ्यात चोर्ल्याकडचे सडे, म्हणजे जांभ्याची उघडी पठारं, बारकाईने पाहावेत. जांभ्यावर माती बोटभर, तिच्यात नत्र इतकं कमी की दवबिंदूची लालसर पानं चिकट केसांनी किडे धरून भूक भागवतात. शेजारच्या ओलीत सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा गालिचा असतो. चार महिने पाणथळ असलेला हा सडा उन्हाळ्यात उजाड दिसतो आणि सहज पडीक ठरवला जातो. पण सच्छिद्र जांभ्यात मुरलेलं पाणीच पावसाळा सरल्यावर खालच्या रानातल्या झऱ्यांना जगवतं. रान राखायचं आणि सडा मोकळा सोडायचा, हे चालणार नाही.

पश्चिमेला जाणारं पाणी समुद्रात वाया जातं, असं म्हणतात. हुबळी-धारवाडची तहान खरी आहे, नरगुंद-नवलगुंदच्या शेतकऱ्यांचा आक्रोशही खरा आहे. म्हादई पाणीतंट्याच्या लवादाने 2018 साली म्हादईचं पाणी मलप्रभेत वळवणाऱ्या कळसा-भांडुरा योजनेसाठी 3.9 टीएमसी पाणी दिलं, तेही या गरजेपोटीच. पण म्हादईचं गोडं पाणी खाली गोव्यात मांडवीच्या खाडीतला खारेपणा रोखतं, खाजनं, म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली शेतं, सांभाळतं. ते वाया जात नाही. आणि मलप्रभेत भर घालण्यासाठी तिच्याच उगमाकडचं रान तोडणं म्हणजे मूळ छाटून फांदीला पाणी घालणं. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: अभयारण्यातल्या गवाळी, तळेवाडी, आमगावच्या माणसांनी पावसाळ्यात रस्त्यावाचून किती दिवस काढायचे? याचं उत्तर सक्तीचं स्थलांतर नव्हे. 2006 च्या वनहक्क कायद्याने दिलेले हक्क आधी त्यांच्या पदरात पडावेत. जायचं की राहायचं ते त्यांनी ठरवावं. झऱ्यांच्या वाटा त्यांनाच ठाऊक आहेत, तेव्हा राखणदारीतही त्यांचा वाटा हवा. म्हादईच्या खोऱ्यातली तीन राज्यं पाण्याचे आकडे मांडत राहतील, पण उगमच आटला तर वाटायला काही उरणार नाही. म्हणून वाटपाच्या प्रत्येक करारात पहिली अट सड्यांच्या आणि रानाच्या संरक्षणाची असली पाहिजे.